चिंचवडचं वाळवण

सकाळी उन्हं जरा वर आली की आमच्या आळीतून एक टेम्पो जातो. त्याच्या टपावर भोंगा बांधलेला असतो आणि भोंग्यातून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो. गव्हाची कुरडई, तांदळाची कुरडई, उडदाचे पापड, सांडगे, शेवया. बाई कुठली कोण जाणे, पण आवाज गोड आहे आणि ती दमत नाही. पुणतांब्यात चैत्र लागला की हा टेम्पो सुरू होतो, तो पावसाची चाहूल लागेपर्यंत.

हे कंपनीतून निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्याचे दोन महिने आम्ही इथे त्यांच्या गावच्या घरी येऊन राहतो. बाकीचं वर्ष चिंचवडला. परवा मीही त्या टेम्पोतून कुरडयांचं एक पाकीट घेतलं. तळून पाहिलं. छान फुलल्या, पांढऱ्याशुभ्र, सगळ्या एका मापाच्या. चवीत काही खोट काढता आली नाही, याचाच मला राग आला. मग दुपारभर अंगात एक हुरहुर राहिली. गंमत म्हणजे आठवत होती ती या घराची गच्ची नाही, गोदावरीचा घाट नाही, माझ्या माहेरच्या देवळाली प्रवऱ्याचं अंगणही नाही. आठवत होती ती चिंचवडची, पाण्याच्या काळ्या टाक्यांच्या मधली, डांबराचे पट्टे मारलेली गच्ची. यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "लोक शहरात बसून गावासाठी रडतात, तुझं उलटंच." मी म्हटलं, लोकांना रडू दे.

पिंपरी-चिंचवडसाठी कुणी हळवं होत नाही, हे खरं आहे. पुण्यासाठी होतात. आमचं शहर पुण्याला खेटून आहे, तसं लहानही नाही, पण पुण्याच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, "हां, तिकडे कंपन्या आहेत." मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तेवढंच दिसलं होतं. कंपन्यांच्या लांबच लांब भिंती, भिंतीवर काचा, आत गुलमोहर. पहाटे कोपऱ्याकोपऱ्यावर डबा धरून उभे राहिलेले पुरुष आणि त्यांना उचलत जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या. दुपारी शिफ्ट सुटली की तोच रस्ता उलट्या दिशेने भरायचा. आमच्या इमारतीत तिन्ही शिफ्टची माणसं होती, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं, आणि जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही हा अलिखित कायदा होता. शेजाऱ्यांची तोंडओळख व्हायलाही वर्षं लागायची, ती यामुळे.

या शहरात 'गाव कोणतं?' असं विचारलं तर कुणी चिंचवड म्हणत नाही. तिथे घर असतं, कर्ज फेडून झालेलं असतं, मुलं तिथेच जन्मलेली असतात, पण गाव म्हणजे श्रीरामपूरकडचं बेलापूर, नाहीतर औसा, नाहीतर यावल. दिवाळीला नाशिक फाट्यावर पिशव्या घेतलेल्या माणसांची ही गर्दी. चार दिवसांनी तीच माणसं परत येतात तेव्हा पिशव्यांची पोती झालेली असतात. गहू, बाजरी, तूर, शेंगा. त्या शहरातली निम्मी घरं बाजारातलं धान्य खातच नसतील, असं मला कधीकधी वाटतं. आणि खरं सांगायचं तर ते शहर मुळात खेड्यांचंच आहे. भोसरी, चिखली, मोशी ही गावंच होती. दोन टॉवरांच्या मधून आत शिरलात तर अजून गावठाण सापडतं, मारुतीचं देऊळ, तालीम, पारावर बसलेले फेटेवाले. गावांनी बनलेलं, गावच्या माणसांनी भरलेलं शहर, आणि तरी तिथे गाव म्हणून काही नव्हतं. निदान त्या उन्हाळ्यापर्यंत माझं तसं मत होतं.

त्या वर्षी आमचे सासरे गेले. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. सासूबाई एकट्या पुणतांब्याला राहिल्या. मी त्यांना आत्या म्हणायची, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. ऐन थंडीत त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण सकाळी शेजारीण दूध घालायला आली तोवर तशाच पडून होत्या. हे गावाला गेले आणि त्यांना घेऊनच आले. घराला कुलूप लागलं.

आत्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या. समोर दुसरी इमारत, तिच्या बाल्कन्या, त्यांत वाळणारे निळे-खाकी युनिफॉर्म. बोलणं फार नाही. जेवण चिमणीएवढं. मी काही करायला सांगितलं तर करायच्या, नाही सांगितलं तर बसून राहायच्या, आणि हे सगळं इतक्या निमूटपणे की मला त्यांची भीती वाटायला लागली. एरवी माझ्या भाजीला नावं ठेवल्याशिवाय ज्यांचा घास उतरायचा नाही, त्या बाई खारट आमटीही गपचूप खाऊन उठायच्या. एकदा मी विचारलं, "आत्या, इथे करमत नाही का?" त्या म्हणाल्या, "करमायला काय झालंय. ल्योक हाय, तू हायेस." आणि पुन्हा समोरच्या युनिफॉर्मांकडे बघत बसल्या.

होळी झाल्यावर मात्र त्यांनी यांना समोर बसवून सांगितलं, "यंदाचं वाळवान करून देते. कुरडया, पापड, समदं. मंग मला गावाला सोड."

"तिकडे एकटी कशी राहशील?" हे म्हणाले.

"एकटी कशानं? आळी हाय की."

त्यावर आमच्या घरात जे काही धुमसत राहिलं ते सांगण्यासारखं नाही. यांना रात्री फोन वाजला तरी दरदरून घाम फुटायचा. आणि मला, कबूल करायला हरकत नाही, आत्या घरात हव्या होत्या. माझी आई लवकर गेली. ज्या बाईने मला पहिल्या बाळंतपणात न्हाऊमाखू घातलं, ती रिकाम्या घरात पडून राहील आणि आम्हाला कळणारही नाही, हा विचार मला सोसत नव्हता. पण आत्यांनी एकदा सांगितलं की सांगितलं. वाळवण होईपर्यंत मुदत होती. मी मनातल्या मनात ते वाळवण लांबावं म्हणून प्रार्थना करत होते.

गहू भिजवायचे म्हणून मी बाजारात गेले आणि परत आले तर न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही. दोन बादल्या, कपड्यांचा टब, मोठं पातेलं, सगळ्यांत गहू. पोत्याचं तोंड सुटलेलं.

"आत्या, हे किती भिजवलेत?"

"लई न्हाईत. नेहमीयेवढंच."

त्यांचं नेहमीएवढं म्हणजे पुणतांब्याचं. तिकडे कुरडया एका घराच्या नसतातच. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या, अशी आळीची पाळी असते. ज्या घरात चीक शिजायचा असेल तिथे पहाटे सगळ्या बाया जमतात, दिवस डोक्यावर यायच्या आत घरातल्या चार पिढ्यांना पुरतील एवढ्या कुरडया घालून मोकळ्या होतात. दहा हात असले तर तेवढे गहू म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे हात चार, त्यातले दोन सत्तरीचे.

कुरडईचे गहू तीन दिवस भिजतात. रोज पाणी बदलायचं. ज्यांनी ते केलंय त्यांना त्याचा वास माहीत आहे, आंबूस, जड, नाकात बसणारा. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारातून बाहेर पडला आणि जिना उतरायला लागला. सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते निवृत्त फोरमन, त्यामुळे प्रत्येक बिघाडाचं मूळ पाइपमध्ये आहे यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी आमच्याही न्हाणीत डोकावायची तयारी दाखवली, मी दारातच त्यांना वाटेला लावलं. संध्याकाळी खाली चेंबरचं झाकण उघडून दोन माणसं बांबू घालत होती. आत्या बाल्कनीतून ते बघत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडाचा कोपरा हललेला मला दिसला.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून मिक्सर चालवून चालवून आम्ही गहू वाटले, गाळले. पुढच्या पहाटे वरचं पाणी ओतून टाकलं तेव्हा खाली घट्ट, पिठूर पांढरा चीक बसला होता. यांनी गॅसची शेगडी आणि टाकी गच्चीवर चढवून दिली आणि ते पहिल्या शिफ्टला गेले. आत्यांनी जुनं नऊवारी अंथरलं, शेगडीपाशी पाट घेतला, सोऱ्याला तेलाचं बोट लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"पाणी ठेवू का?" मी विचारलं.

"थांब की. येऊ दे."

"कोण?"

"बाया."

"कुणाला सांगितलंत तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अडाणीपणाचं बोलले होते. "सांगायचं काय त्यात? तीन दीस वास चाललाय समद्या जिन्यात. ज्यांना नाक हाय त्यांना कळलंच आसंल."

मग माझ्या लक्षात आलं. गावाला कुरडयांचं बोलावणं नसतं. वास हेच बोलावणं. ज्या बाईला आज या घरी चीक आहे हे कळूनही ती आली नाही, तिने मोडता घातला असा अर्थ होतो. आत्यांनी आयुष्यात कधी कुणाला बोलावलं नव्हतं आणि कुणी कधी आल्याशिवाय राहिलं नव्हतं. त्या पाटावर बसून जिन्याच्या दाराकडे बघत होत्या. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. दार उघडलं ते वॉचमनने, टाकीचा कॉक फिरवायला. तो गेला. आत्यांनी पदर सारखा केला, सोऱ्या उचलून पुन्हा खाली ठेवला. चीक तसाच राहिला तर आंबून वाया जातो. पण मला चिकाचं काही नव्हतं. त्या बाईचा चेहरा मला बघवत नव्हता. आज कुणी आलं नाही तर या शहराबद्दल त्यांचं मत कायमचं ठरणार होतं, आणि मग त्यांना अडवण्याचं तोंड मला राहणार नव्हतं.

मी जिना उतरले. पहिल्या मजल्यावर चौधरीबाई राहायच्या, जळगावकडच्या, साठी ओलांडलेल्या. नवऱ्याने कंपनीत जन्म काढलेला. त्या चिंचवडला आल्या तेव्हा आमच्या इमारतीच्या जागी ज्वारी उभी असायची आणि रात्रपाळीला गेलेल्या नवऱ्याची वाट बघताना कोल्हे ऐकू यायचे, हे मला पुढे कळलं. तोवर आमचं बोलणं 'पाणी आलं का' याच्यापलीकडे गेलं नव्हतं. दार उघडताच मी एका दमात सगळं सांगितलं.

त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. मुलगा म्हणे ड्रेनेज तुंबलंय. मी म्हटलं, बाबा, हा गहू आहे, तुला काय कळतं. दोन रात्री मी त्या वासाने झोपले नाही."

"मग आला का नाहीत?"

"अहो, बोलावल्याशिवाय कसं यायचं? इथे चालतं का तसं?"

एकीला वाटत होतं की बोलावणं गेलंय, दुसरीला वाटत होतं की आलं नाही, आणि दोघींच्या मध्ये दोन मजले. मी तिथे जिन्यात उभी राहून हसले आणि मला रडूही आलं. चौधरीबाईंनी माळ्यावरून स्वतःचा पितळी सोऱ्या काढला, पदराने पुसला आणि माझ्या पुढे होऊन वर निघाल्या. जाताना त्यांनी वाटेतली दारं वाजवली. सोलापूरची एक, चंद्रपूरची एक, बिहारची एक नवी नवरी, जिला मराठीत फक्त 'हो' येत होतं. रात्रपाळीची माणसं झोपलेली होती तरी त्या दिवशी जिन्यात मोठ्याने बोलणं झालं.

आता मी सांगेन की सगळ्या प्रेमाने गळ्यात पडल्या, अशी कुणाची अपेक्षा असेल. तसं काही झालं नाही. चौधरीबाईंनी शिजलेल्या चिकाचा पहिला घास तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

आत्या म्हणाल्या, "वाळल्यावर चढतं मीठ."

"आमच्याकडे आधीच बरोबर घालतात."

"तुमच्याकडं घालत आसतील."

मग चौधरीबाईंनी कुरडई घातली. खानदेशी हात, ऐसपैस, मधे मोकळी. आत्यांची घट्ट, बारीक वेढ्यांची. आत्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कुरडई हाय का जाळं?"

"जाळं फुलतं तरी. तुमची आत कच्ची राहील बघा."

बाकीच्या बायांचे हात थांबले. आणि आत्यांनी, ज्या चार महिन्यांत एक वाक्य धड बोलल्या नव्हत्या, त्यांनी पाट पुढे ओढला, पदर खोचला आणि पुणतांब्यातल्या झाडून साऱ्या घरांत आपल्या कुरडया कशा फुलतात, कुणाच्या लग्नात किती तळल्या, कोणत्या व्याह्याने मागून नेल्या, हे चंद्रपूरपासून बिहारपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. चौधरीबाईही काही कमी नव्हत्या. नऊवारीवर एका बाजूला घट्ट कुरडया, दुसऱ्या बाजूला जाळीच्या, मधे हद्द. बिहारची नवरी दोन्हीकडे आळीपाळीने घालत होती, ती तेवढी शहाणी.

त्या रात्री आत्या जेवताना बडबडत होत्या. "मीठ कमी म्हनं. केळीच्या मुलखातली बाई मला मीठ शिकवती." बोलता बोलता त्यांनी दुसरी भाकरी घेतली. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ताटात पाहिलं. मला इतका आनंद झाला होता की मान वर करायची सोय नव्हती.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. चौधरीबाईंनी हट्टाने बिबडे, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे खानदेशी पापड, केले आणि आत्यांनी ते नावं ठेवत ठेवत थापले. बिहारच्या मुलीने कोहळ्याच्या वड्या घातल्या. सेक्रेटरींनी गच्ची वापरायची परवानगी घ्यावी लागेल असं सुचवून पाहिलं, त्यांना एक वाटी गरम चीक तेल घालून दिला, पुन्हा बोलले नाहीत. संध्याकाळी वाळवण गोळा करून आम्ही टाकीला टेकून बसायचो. तिथून शहर दिसायचं. कारखान्यांच्या चिमण्या, पत्र्यांची छपरं, लांब पवनेच्या कडेची झाडं, आणि जिथवर नजर जाईल तिथवर गच्च्या. त्यांतल्या कितीतरी गच्च्यांवर साड्या अंथरलेल्या असायच्या, पांढरे ठिपके असायचे. इतकी वर्षं मी त्या शहरात राहून ते पाहिलंच नव्हतं. प्रत्येक गच्चीवर कुठला ना कुठला तालुका वाळत होता.

आत्या मात्र मुदत विसरल्या नाहीत. वाळवण डब्यांत भरलं आणि त्यांनी पिशवी भरली. निघायच्या आदल्या दिवशी दोघींचं बिबड्यांवरून पुन्हा वाजलं होतं, त्यामुळे चौधरीबाई निरोप द्यायलाही आल्या नाहीत. आम्ही त्यांना पुणतांब्याला सोडलं. घर उघडलं, झाडलं, न्हाणीत खडबडीत फरशी बसवून घेतली. आळीतल्या बाया भेटायला आल्या, रडल्या, चहा झाला. मी हरले होते. चिंचवडने जे द्यायचं ते दिलं होतं आणि ते पुरलं नव्हतं.

फोनवर आत्या म्हणायच्या, बरं हाय. एकदा मी विचारलं, आळीत कुरडया झाल्या का. त्या म्हणाल्या, "आता कुनी करत न्हाई गं. समद्या इकत घेत्यात. वास न्हाई, काई न्हाई." मग पाण्याचं काहीतरी विचारून फोन ठेवला.

मृग तोंडावर आला होता. दुपारची वेळ. खालून चौधरीबाईंचा फोन. "जरा खाली या," एवढंच. मला वाटलं, त्यांच्या घरी कुणाला बरं नाही. तशीच उतरले.

दार उघडंच होतं. दारात आत्यांच्या चपला, शेजारी त्यांची पिशवी, पिशवीतून डोकावणारा त्यांचा सोऱ्या. आत्या चौधरींच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून बशीतून चहा पीत होत्या. जन्मात एकटीने एसटीत न बसलेली बाई पुणतांब्याहून नाशिक फाट्यापर्यंत आली होती, तिथून रिक्षाने. मुलाला फोन केला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरी आली नव्हती.

का, ते मला तेव्हाच कळलं. मुलाच्या घरी त्यांना आणलेलं होतं. इथे त्या आपल्या पायांनी आल्या होत्या.

"घर लावून आले," त्या मला म्हणाल्या. "पुतन्याला सांगितलंय दिवा लावत जा म्हनून." आणि लगेच चौधरीबाईंकडे वळून, "हां, तर मी काय म्हनत हुते, ज्वारी तुमी आंबवता ती जास्त आंबवता."

"ऐकलंत? आल्या आल्या सुरू," चौधरीबाई म्हणाल्या आणि त्यांनी आधणात आणखी एक कप पाणी घातलं.

मी दारात उभीच होते. आत्यांनी मान वर करून पाहिलं, शेजारचा पाट हाताने सरकवला आणि एखाद्या घरच्या बाईने आल्यागेल्याला म्हणावं तसं मला म्हणाल्या, "उभी का? बस की. चहा घेऊन जा."

मी बसले.